करंजाचं तेल, मोगली एरंड आणि ट्रकवाल्यांचा हिशेब

जुन्या बेळगावच्या मोटारी, सर्व्हिस गाड्या आणि ट्रान्सपोर्टवाल्यांबद्दल इथं बरंच लिहून झालंय. त्यातला एक विषय मात्र राहिला होता : तेलबियांच्या तेलावर ट्रक चालवण्याचा. मी बी.कॉम. झालेला बँकेचा माणूस, इंजिनियर नव्हे. पण सदतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच बेळगाव, खानापूर, धारवाड या पट्ट्यात. ट्रकवाल्यांना कर्जं दिली, हप्ते वसूल केले, निवृत्तीनंतर दोन-तीन जणांचे हिशेबही बघितले. त्यामुळं हा इतिहास मला खतावणीच्या बाजूनं माहीत आहे. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

आपल्याकडं तेल ही गोष्ट इंजिनाच्या आधीची. करंजाची झाडं ओढ्याकाठी, देवळाच्या आवारात, रस्त्याच्या कडेला असायचीच. कानडीत त्याला होंगे म्हणतात. बी घाण्यावर न्यायचं, तेल दिव्याला आणि खरजेला, पेंड शेताला. घाटाखाली कोकणात, गोव्यात करंजेल म्हणतात, आणि तिकडं उंडीचं तेलही दिव्यात जळायचं. रॉकेल आलं, मग वीज आली आणि ही तेलं औषधाच्या बाटलीपुरती उरली.

आता इंजिनाकडं येऊ. दरवर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन म्हणून संदेश फिरतो की, रुडॉल्फ डिझेलनं १८९३ साली याच दिवशी शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवलं. यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. १० ऑगस्ट १८९३ ला जर्मनीत आउग्सबुर्गला त्याच्या पहिल्या इंजिनाची पहिली चाचणी झाली हे खरं, पण ती शेंगतेलावर नव्हे. शेंगतेलाचा प्रयोग झाला १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात. तिथं ऑटो कंपनीनं एक लहान डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं. मागणी फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या त्यांच्या वसाहतींत शेंगा भरपूर पिकायच्या, तिथल्या तिथं इंधन मिळालं तर बाहेरून कोळसा आणि तेल न्यायला नको, एवढा साधा विचार. पुढं १९१२ मध्ये डिझेलनं स्वतः ही हकीकत लिहिली आणि आज क्षुल्लक वाटणारी वनस्पती तेलं एक दिवस खनिज तेलाइतकी महत्त्वाची ठरतील असं मत मांडलं. पुढच्याच वर्षी तो इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला.

मग शंभर वर्षं ट्रक शेंगतेलावर का धावले नाहीत? कारण तेल दाट असतं. डिझेलच्या मानानं दहापट दाट. इंजिनात डिझेल नोझलमधून धुक्यासारखं बारीक फवारलं जातं तेव्हाच ते नीट जळतं. दाट तेलाचे थेंब जाड पडतात, अर्धवट जळतात, नोझलच्या तोंडावर काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात आणि न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑइल लापशीसारखं घट्ट करतं. एका जागी बसवलेलं, मंद गतीचं जुनं इंजिन हे बऱ्यापैकी सोसतं. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे प्रा. उडुपी श्रीनिवास यांनी कग्गनहळ्ळी या गावात होंगेच्या तेलावर जनरेटर चालवून शेतीला पाणी दिलं, ते याच जोरावर. पण घाट चढणाऱ्या, दिवसाला चारशे किलोमीटर पळणाऱ्या ट्रकचं तसं नाही.

यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे गाडीला दोन टाक्या : चालू डिझेलवर करायची, इंजिन तापलं की त्याच उष्णतेनं गरम केलेल्या तेलावर न्यायची, आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणायची म्हणजे नळ्यांत दाट तेल राहत नाही. दुसरा उपाय इंजिनाला हात न लावता तेलच बदलायचा. शंभर किलो तेलात साधारण दहा-अकरा किलो मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक घालून गरम करत ढवळलं की दहाएक किलो ग्लिसरीन खाली बसतं आणि वर जवळजवळ शंभर किलो पातळ इंधन उरतं. हेच बायोडिझेल. बेल्जियममध्ये १९३७ साली या पद्धतीचं पेटंट निघालं आणि १९३८ मध्ये ब्रुसेल्स ते लूव्हाँ या मार्गावर पाम तेलापासून केलेल्या अशा इंधनावर प्रवासी बस धावली.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडंही टंचाई आली. वडील सांगायचे, पेट्रोलला रेशन लागलं तेव्हा सर्व्हिस मोटारींच्या मागं कोळशाची भट्टी बसवली होती. क्लीनर पहाटे उठून पंखा फिरवायचा, गॅस तयार झाला की गाडी सुटायची, आणि चढ आला की पॅसेंजर खाली. त्याच काळात भारतातल्या वनस्पती तेलांवर डिझेल इंजिनं चालवून बघायचे प्रयोगही झाले, १९४२ साली त्यावर लेख छापला गेला. लढाई संपली, खनिज तेल पुन्हा स्वस्त झालं आणि भट्ट्याही गेल्या, प्रयोगही गेले. या इतिहासात हे वारंवार दिसेल. डिझेल महागलं की बियांची आठवण होते, स्वस्त झालं की विसर पडतो.

आता माझ्या काळात येतो. मी १९७३ साली नोकरीला लागलो. राष्ट्रीयीकरण होऊन चार वर्षं झाली होती आणि छोटे वाहतूकदार प्राधान्य क्षेत्रात आले होते. म्हणजे ज्याच्याकडं एकच ट्रक, जो स्वतः स्टिअरिंगवर बसतो, त्यालाही बँकेनं दारात उभं करायचं होतं. निपाणीची तंबाखू, खानापूरची कौलं आणि लाकूड, उद्यमबागच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग, गोव्याकडं भाजी, असा माल असायचा. कर्जाचा कागद करताना आम्ही खर्चाचा तक्ता मांडायचो : डिझेल, टायर, ड्रायव्हर-क्लीनरचा पगार आणि भत्ता, विमा, टॅक्स, दुरुस्ती, हप्ता. यात डिझेलचा आकडा सगळ्यात मोठा, आणि मालकाच्या हातात अजिबात नसलेला. भाडं ठरवणार व्यापारी, डिझेलचा भाव ठरवणार दिल्ली. मधल्या फटीत ट्रकवाल्याचं घर चालायचं. म्हणून लिटरमागं दोन रुपये वाचतील म्हटलं की त्याचे कान टवकारायचे. त्यात लोभापेक्षा गरज जास्त होती.

२००२ सालचा शेवटचा दिवस, ३१ डिसेंबर. दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेल मिसळून चालवली गेली. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीचा अहवाल आला आणि देशभर एकाच झाडाचं नाव झालं : जट्रोफा. हिंदीत रतनजोत, आपल्याकडं मोगली एरंड. आपल्या शेतांच्या कुंपणाला हे झुडूप पिढ्यान् पिढ्या आहे. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावायचं. मूळ अमेरिका खंडातलं, पोर्तुगीजांच्या बोटींतून इकडं आलं असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे काजू, मिरची आली त्याच वाटेनं. खायचं तेल आपण निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, ते ट्रकमध्ये ओतणं शक्य नव्हतं. तेव्हा न खायचं तेल, पडीक जमिनीवर, कमी पाण्यात. कागदावर सगळं जमत होतं. पहिल्या टप्प्यात ४ लाख हेक्टर लागवड आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिश्रण, त्यासाठी एक कोटी हेक्टरहून जास्त जमीन.

२००५-०६ च्या सुमारास मी खानापूर भागातल्या शाखेत मॅनेजर होतो. एका रोपवाटिकेचे एजंट गावोगाव फिरत होते, त्यांचं नाव इथं लिहीत नाही. रोपं आमच्याकडून घ्या, बी आम्ही विकत घेऊ, एकदा लावलं की तीस-चाळीस वर्षं उत्पन्न. शेतकरी कर्ज मागायला यायचे. मी प्रत्येकाला तीन प्रश्न विचारायचो. बी विकत घेणार त्याचा करार कुठं आहे? भाव किती लिहिलाय? आणि पहिलं उत्पन्न हातात येईपर्यंतच्या तीन-चार वर्षांचे हप्ते कशातनं भरणार? करार म्हणून जो कागद दाखवायचे त्यात रोपांचा भाव स्पष्ट लिहिलेला असायचा, बियांचा भाव मात्र 'बाजारभावाप्रमाणे'. आणि बाजार तर कुठंच नव्हता! असे प्रस्ताव मी परत पाठवले. काही जण नाराज झाले. एक म्हातारे पाटील मला म्हणाले, "साहेब, सरकार सांगतंय, पेपरात येतंय, आणि तुम्ही एकटेच नको म्हणताय की." मी म्हटलं, "पाटील, झाड येईल हो. गिऱ्हाईक येईल काय ते सांगा."

पाटलांनी पदरच्या पैशानं दोन एकरांत लावलं. झाडं आली, हिरवीगार आली. पण पडीक जमिनीत झाड जगणं वेगळं आणि बी धरणं वेगळं. चांगलं बी धरायला त्यालाही पाणी आणि खत लागतं, हे सगळ्या देशाला तेव्हाच कळलं. फळं एकदम पिकत नाहीत, आज चार, परवा सहा. तोडायला बाई लावायची तर मजुरी बियांच्या किमतीहून जास्त. पेंड विषारी, म्हणून गुरांना घालता येत नाही. आणि सरकारी खरेदीचा भाव? १ जानेवारी २००६ पासून तेल कंपन्यांनी बायोडिझेल लिटरला २५ रुपयांनी घ्यायचं ठरलं होतं. बी गोळा करून, तेल काढून, मिथेनॉल घालून कारखानदाराला तेवढ्यात परवडत नव्हतं. त्यामुळं कारखाना चालेना, म्हणून बियांना भाव येईना, म्हणून झाडाकडं कोणी बघेना. एजंट दुसऱ्याच वर्षी दिसेनासे झाले. पाटलांनी चौथ्या वर्षी झाडं उपटली आणि काजू लावला. पैसे फार गेले नाहीत, पण सत्तरीच्या माणसाची चार वर्षं गेली, ती कुठल्या खात्यात जमा करायची?

करंजाची गोष्ट जरा बरी झाली. कर्नाटकानं एकाच झाडावर भर न देता होंगे, कडुनिंब, हिप्पे म्हणजे मोह, सिमारूबा अशी बांधावरची झाडं धरली. हासनजवळ मडेनूरला कृषी विद्यापीठाचं जैवइंधन उद्यान झालं. बांधावर झाड, बी वेचणं फावल्या वेळचं, आणि पेंड शेताला खत म्हणून उपयोगी. हे पाटलांच्या दोन एकरांपेक्षा शहाणपणाचं होतं. पण त्यातनं निघणारं तेल गावच्या इंजिनाला पुरेल एवढं. हायवेवरच्या ट्रकची भूक फार मोठी असते.

ट्रकांचा खरा प्रयोग आपल्या शेजारी हुबळीला झाला. व्हीआरएल ही कंपनी सगळ्यांना माहीत आहे. १९७६ साली विजय संकेश्वरांनी गदगला एका ट्रकवर सुरू केलेली, पुढं हजारो गाड्यांची झाली. २०१५ साली सरकारनं बायोडिझेल उत्पादकांना मोठ्या ग्राहकांना थेट विकायची मोकळीक दिली. त्या सुमारास व्हीआरएलच्या गाड्यांत डिझेलबरोबर बायोडिझेल मिसळून वापरलं जाई, आणि त्यांच्या वार्षिक अहवालांत इंधनखर्च कमी होण्याचं एक कारण म्हणून त्याचा उल्लेखही यायचा. हे बघून आमच्या बेळगावच्या छोट्या मालकांतही चर्चा सुरू झाली. मी तेव्हा निवृत्त होतो. ज्यांचे हिशेब बघायचो त्यातले एक, त्यांना अण्णाच म्हणू, तीन ट्रकांचे मालक, एका संध्याकाळी वही घेऊन आले. "साहेब, ते मोठे लोक घालतात. आपण घालू काय?"

आम्ही हिशेब मांडला, तो वहीत अजून आहे. एक ट्रक महिन्याला १०,००० किलोमीटर, लिटरला ४, म्हणजे २,५०० लिटर. डिझेल ५० रुपये धरलं, बायोडिझेल ४५. वीस टक्के मिसळलं तर मिश्रणाचा भाव ४९. म्हणजे २,५०० रुपये वाचले असं वाटतं. पण बायोडिझेलमध्ये दर लिटरला ताकद सुमारे ८ टक्क्यांनी कमी असते. वीस टक्के मिश्रणात दीड टक्क्याच्या वर ॲव्हरेज पडतं, महिन्याला ४० लिटर जास्त जळतं, त्याचे १,९६० गेले. हाती राहिले ५४० रुपये. शिवाय जुन्या गाडीत बायोडिझेल घातलं की ते टाकीच्या तळाचा वर्षानुवर्षांचा गाळ धुऊन काढतं आणि तो सगळा फिल्टरमध्ये जाऊन बसतो. सुरुवातीला दोन फिल्टर जादा. जुने रबरी पाइप आणि सील फुगतात, मऊ पडतात. पाणी लवकर ओढून घेतं, फार दिवस साठवता येत नाही. पाम तेलापासून केलेलं असेल तर डिसेंबरातल्या पहाटे १३-१४ अंशांना गढूळ होऊन गोठू लागतं, आणि बेळगावची थंडी मी तुम्हाला काय सांगायची!

मग मोठ्या कंपनीला कसं परवडायचं? स्वतःचा पंप, टँकरनं खरेदी, माल तपासून घ्यायची सोय, स्वतःचं वर्कशॉप, आणि हजारो गाड्यांवर रुपया-रुपया वाचला तरी वर्षाला कोटीत रक्कम. अण्णांकडं यातलं काहीच नव्हतं. ते हसले, म्हणाले, "पाचशे चाळीस रुपयांत एक फिल्टर पण येत नाही." आणि विषय मिटला. पुढं भावातला फरक कमी झाला तसा मोठ्यांचाही वापर घटला.

जर्मनीतही हेच घडलं. तिथं मोहरीच्या जातीच्या रेपसीडपासून केलेलं शुद्ध बायोडिझेल पंपावर मिळायचं, कर नव्हता म्हणून ट्रकवाल्यांनी ते उचलून धरलं. ऑगस्ट २००६ पासून त्यावर लिटरला ९ सेंट कर बसला, पुढं तो वाढत गेला, आणि ट्रक परत डिझेलच्या रांगेत आले. इंजिन तेच, तेल तेच, फक्त कर बदलला.

आता या कहाणीतला वाईट भाग. २०१७ आणि २०१९ च्या अधिसूचनांनी किरकोळ विक्रीला वाट मिळाली, आणि २०२१ साली डिझेल शंभरीला टेकलं तेव्हा हायवेवर ठिकठिकाणी 'बायोडिझेल' अशा पाट्या दिसू लागल्या. लिटरमागं पंधरा-वीस रुपये कमी. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी बायोडिझेल नव्हतंच, कारखान्यात वापरायची स्वस्त तेलं बायोडिझेलच्या नावानं विकली जात होती. गुजरात-महाराष्ट्रात छापे पडल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. अण्णांचा थोरला मुलगा तोवर धंदा बघू लागला होता. लॉकडाऊननं भाडी बंद पडलेली, हप्ते थकलेले. त्यानं अशाच एका पंपावर दोन महिने तेल भरलं. नवी गाडी, बीएस-६. आधी पिकअप गेला, मग काळा धूर, मग घाटात गाडी बंद. नोझल गेले, पंप गेला. गॅरेजवाल्यानं टाकीतलं तेल बाटलीत काढून दाखवलं. खऱ्या बायोडिझेलला तळणीच्या तेलाचा मंद वास येतो, याला रॉकेल आणि थिनरसारखा. कंपनीनं वॉरंटी नाकारली, कारण इंधन प्रमाणित नव्हतं. पंपाचं बिल म्हणजे शिक्का नसलेली एक चिठ्ठी, आणि तक्रार करायला गेलो तेव्हा तिथला पंपच उठलेला. गाडी शेवटी विकली आणि तिच्यावरचं कर्ज दुसऱ्या दोन गाड्यांनी फेडलं.

त्या पोराला मी बोल लावत नाही. वीस रुपयांच्या फरकापुढं अशा दिवसांत कोण टिकेल? पण फाटक्या माणसाच्या गरजेवर चांगल्या गोष्टीचं नाव लावून धंदा करतात, त्याचा राग अजून जात नाही. खानापूरचे रोपवाले आणि हायवेवरचे तेलवाले, दोघांनी तेच केलं. ट्रकवाल्या वाचकांसाठी एवढंच लिहून ठेवतो : शुद्ध बायोडिझेलसाठी आयएस १५६०७ हे भारतीय मानक आहे. विकणाऱ्याकडं त्याचा तपासणी दाखला आणि जीएसटीचं पक्कं बिल मागा. देत नसेल तर पुढच्या पंपाला जा. आणि गाडीच्या पुस्तकात किती टक्के मिश्रण चालतं ते आधी बघा, बीएस-६ गाड्यांना तर नक्कीच.

आज काय स्थिती आहे? २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल असं लक्ष्य ठेवलंय. वीसवरून पाचवर आलो, हेच सगळं सांगून जातं. कच्चा माल म्हणून आता मोगली एरंडापेक्षा वापरलेल्या खाद्यतेलाकडं जास्त लक्ष आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये तळणीचं तेल किती खराब होईपर्यंत वापरायचं यावर मर्यादा घातली आणि उरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडं न्यायची योजना काढली. २०१९ मध्ये तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलला पहिल्या वर्षी लिटरला ५१ रुपये भाव जाहीर केला. मला ही गोष्ट पटते. कोणाची जमीन अडकत नाही, कोणाला चार वर्षं थांबावं लागत नाही, आणि काळं पडलेलं तेल पुन्हा कोणा गरिबाच्या कढईत जात नाही. याच्यानं सगळे ट्रक चालणार नाहीत. पण जेवढे चालतील तेवढे खोट्या आशेवर चालणार नाहीत.

आपल्यापैकी कोणाच्या घरी करंजाच्या तेलाचा घाणा होता काय? कोळशाच्या मोटारीत बसलेलं कोणी अजून आहे काय? ट्रान्सपोर्ट धंद्यातल्या मंडळींनी आपले अनुभव, आणि शक्य असेल तर जुने हिशेबही, खाली जरूर लिहावेत. ही माहिती छापील पुस्तकांत फारशी नाही, आपणच लिहून ठेवली तर राहील.